नाव ग्रँडमास्टरचं, हात कारागिराचा

पुण्यात जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या माणसांची कधी वानवा नव्हती. नाणी, दौती, फाउंटन पेनं, तबकड्या, घड्याळं. ज्याचं त्याचं वेड ठरलेलं. त्यात अलीकडे आणखी एका वेडाची भर पडली आहे. सोव्हिएत काळात बनलेले बुद्धिबळाचे लाकडी संच. 2020 मध्ये टाळेबंदीत लोक घरात अडकले, मोबाइलवर बुद्धिबळ खेळू लागले, त्याच वर्षी ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली आणि जुन्या लाकडी पटांकडे जगभरच्या हौशी मंडळींचं लक्ष वळलं. आता पुण्यातही ‘तुमचा लॅटव्हियन संच मूळ की अमृतसरची प्रतिकृती?’ असं विचारणारी माणसं भेटतात.

या एका प्रश्नाच्या पोटात आणखी दोन-चार प्रश्न आहेत. मूळ म्हणजे नेमकं काय? संचांची ही नावं दिली कुणी? नवी प्रतिकृती घेण्यात कमीपणा आहे का? आणि जुना, रंग उडालेला संच हाती आला तर तो नवा करून घ्यावा की तसाच ठेवावा?

हे संच इतक्या मोठ्या संख्येने बनले, त्याचं कारण राजकीय होतं. क्रांतीनंतर बुद्धिबळ हा कामगारांचा खेळ व्हावा, असं सोव्हिएत राजवटीने ठरवलं. 1924 मध्ये निकोलाय क्रिलेंको या वजनदार पुढाऱ्याच्या हाती बुद्धिबळ संघटनेची सूत्रं आली. 1925 मध्ये मॉस्कोत सरकारी खर्चाने मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. कारखाने, शाळा, सैन्याच्या बराकी, सगळीकडे बुद्धिबळाची मंडळं निघाली. क्रिलेंकोला 1938 मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळी घातली, पण त्याने उभं केलेलं काम थांबलं नाही. 1948 मध्ये बॉट्विनिक विश्वविजेता झाला आणि 1972 मध्ये फिशरने स्पास्कीला हरवेपर्यंत ते पद सोव्हिएत खेळाडूंनी कुणाला घेऊ दिलं नाही. एवढ्या मंडळांना पट लागणार, सोंगट्या लागणार. त्या बनवल्या ‘आर्टेल’ म्हणजे कारागिरांच्या सहकारी संस्थांनी, आणि पुढे सरकारी कारखान्यांनी.

स्पर्धांमध्ये आज जी घडण चालते, ती 1849 ची. इंग्लंडमध्ये नेथॅनियल कुकने तिची नोंदणी केली, जॉन जॅक्सच्या कारखान्याने ती बनवली आणि स्टाँटन या खेळाडूचं नाव तिला चिकटलं. सोव्हिएत कारागिरांनी ही घडण घेतली आणि आपल्या गरजेप्रमाणे मोकळी केली. बहुतेक संचांत राजाच्या माथ्यावरचा क्रॉस गेला, त्या जागी साधं बोंड आलं. अनेक संचांत हे बोंड उलट्या रंगाचं असतं: पांढऱ्या राजाला काळं, काळ्याला पांढरं, उंटांच्या टोकांचंही तसंच. बुंधा रुंद, मान बारीक, लाकूड बहुतेक वेळा बर्चचं, म्हणजे हलकं आणि तिकडे मुबलक. घोडा तर दहा-बारा घावांत आटोपलेला. तोंडाची एक खाच, डोळ्याचा ठिपका, आयाळीच्या दोन-चार रेघा. तरी लांबूनही तो घोडाच दिसतो, आणि मला या संचांचं सौंदर्य तिथेच दिसतं. ज्याला दिवसाला ढीगभर घोडे कोरायचे आहेत, त्याच्या हाताने शोधलेला हा आकार आहे.

आता नावांचं. संग्राहकांच्या तोंडी ‘बॉट्विनिक–फ्लोर’, ‘टाल’, ‘ब्रॉनस्टाइन’, ‘आवेरबाख’ अशी नावं असतात. कारखान्यांनी ही नावं कधीच दिली नव्हती. 1933 च्या शेवटी मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये तरुण बॉट्विनिक आणि झेकोस्लोव्हाकियाचा सालो फ्लोर यांच्यात सामना झाला, 6–6 असा बरोबरीत सुटला. त्या सामन्याच्या छायाचित्रांत जो संच दिसतो, त्या घडणीला संग्राहकांनी पुढे ‘बॉट्विनिक–फ्लोर’ म्हणायला सुरुवात केली. बाकीच्या नावांची जन्मकथा साधारण अशीच: कुठल्या तरी छायाचित्रात कुठला तरी ग्रँडमास्टर कुठल्या तरी पटावर वाकलेला दिसतो, आणि त्या पटाला त्याचं नाव मिळतं. ओळखीची खूण म्हणून हे सोयीचं आहे, एरवी एकाच कुळातल्या पाच-सहा संचांत फरक सांगायचा कसा? पण विक्रेत्यांच्या हातात ही खूण गेली की तिचं ‘टालचा संच’ होतं, आणि घेणाऱ्याला वाटू लागतं की रिगाच्या त्या जादूगाराने या सोंगट्यांना हात लावला होता. टालने ज्यांना हात लावला, त्यातले काही संच मॉस्कोत गोगोलेव्स्की बुलेवारवरच्या बुद्धिबळ संग्रहालयासारख्या ठिकाणी असतील. आपल्याकडे येतो तो त्याच कुळातला, एखाद्या शाळेतला किंवा घरातला संच.

आणि खरं सांगायचं तर शाळेतला, घरातला संचच मला जास्त मोलाचा वाटतो. ग्रँडमास्टरच्या नावाखाली ज्यांचं काम झाकलं जातं, त्यांच्यापर्यंत पोहोचायची वाट त्या संचांमधूनच जाते.

याचं सगळ्यात जड उदाहरण म्हणजे ‘मोर्दोव्हियन’ म्हणून ओळखला जाणारा संच. मॉस्कोच्या आग्नेयेला मोर्दोव्हिया प्रांतात यावास नावाची वस्ती आहे. तिच्या आसपास दुब्रावलाग या श्रमछावण्यांचं जाळं होतं. सरकारी कागदांत त्याचा सांकेतिक क्रमांक होता झेखा-385. कैद्यांकडून तिथे लाकूडकाम आणि शिवणकाम करून घेतलं जाई. 1966 मध्ये शिक्षा झालेले लेखक सिन्याव्स्की आणि दानियल याच छावण्यांत होते. या घडणीचे संच संग्राहक या छावण्यांच्या कारखान्यांशी जोडतात. बाजारात तो ‘सुंदर’, ‘दुर्मीळ’ म्हणून विकला जातो, कधी त्यालाही टालचं नाव लावलं जातं. सुंदर तो आहेच. पण ज्याने लेथवर तो कातला, त्याला मजुरी किती मिळाली, संध्याकाळी पोटाला काय मिळालं, हे प्रश्न त्या सोंगट्यांबरोबर घरात येतात आणि ते येऊ द्यावेत. असा संच घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. त्यावर छावणीचं नाव पुसून ग्रँडमास्टरचं नाव लावू नये, एवढा माझा आग्रह आहे.

मूळ संच ओळखायचा तर सोंगट्यांआधी पेटी पाहावी. सोव्हिएत संचाचा पट मधोमध दुमडतो आणि तोच पेटी होतो. आतल्या कडेला किंवा पाठीवर शिक्का असतो, बहुधा जांभळ्या नाहीतर काळ्या शाईचा: बनवणाऱ्याचं नाव, मालाचा क्रमांक आणि किंमत. हा किंमतीचा आकडा फार बोलका असतो. 1 जानेवारी 1961 रोजी सोव्हिएत सरकारने चलन बदललं, जुन्या दहा रुबलचा नवा एक रुबल झाला. त्यामुळे साधाच संच असून त्यावर तीस-चाळीस रुबलचा आकडा असेल तर तो त्याआधीचा असण्याचा संभव मोठा, आणि तीन-चार रुबल अन् काही कोपेक असतील तर नंतरचा. ‘आर्टेल’ हा शब्द दिसला तर आणखी सोपं: 1956 पासून या सहकारी संस्था सरकारी उद्योगात विलीन होऊ लागल्या आणि 1960 पर्यंत संपल्या. पेटीवर पंचकोनी दर्जाचिन्ह असेल तर ती 1967 च्या आधीची असू शकत नाही, कारण ते चिन्हच त्या वर्षी सुरू झालं.

कर्वेनगरमधल्या एका घरात असा संच मी बराच वेळ हाताळला आहे. घरातले आजोबा तरुणपणी शिकायला मॉस्कोत होते, येताना पुस्तकांच्या खोक्यात त्यांनी तो आणला. शिक्का अर्धा पुसला आहे, पण रुबलचा चार आणि पुढे ‘50 को.’ एवढं वाचता येतं. काळ्या घोड्याचा कान तुटलेला. एका पांढऱ्या उंटाचं काळं टोक कधीतरी हरवलं, तेव्हा कुणीतरी आगकाडीचा तुकडा घासून, गोल करून, शाईत बुडवून तिथे बसवला आहे. नातू त्याच उंटाने खेळतो. तो उंट ‘दुरुस्त’ करून देऊ का, असं एका संग्राहकाने विचारलं तेव्हा घरातल्यांनी नाही म्हटलं. माझ्या मते त्यांनी अगदी बरोबर केलं.

असे संच महाराष्ट्रात आले ते मुख्यतः माणसांच्या सामानातून. 1950 च्या दशकापासून भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात रुपयांत व्यापार होता, येणं-जाणं होतं. पवईची आयआयटी 1958 मध्ये उभी राहिली तेव्हा सोव्हिएत मदत आणि तिथले प्राध्यापक आले. नाशिकजवळ ओझरला 1964 पासून मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. मॉस्कोला शिकायला गेलेले डॉक्टर-इंजिनिअर होते, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकणारे होते. प्रगती प्रकाशनाची, अनिल हवालदारांनी अनुवादलेली मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहामार्फत घरोघरी पोहोचत होती. बुद्धिबळाच्या बाबतीत तर सगळा देशच तिकडे पाहत होता. विश्वनाथन आनंद मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या टाल चेस क्लबमध्ये घडला. या सगळ्या येण्याजाण्यात चुंबकाच्या सोंगट्यांचे खिशात मावणारे डबे आले, तसे लाकडी संचही आले. पुण्यातल्या कितीतरी माळ्यांवर ते अजून असतील. म्हणून नव्या संग्राहकाला मी सांगेन, परदेशी संकेतस्थळं पाहण्याआधी आपल्या नात्यागोत्यातल्या, सत्तरीच्या पुढच्या माणसांना विचारा.

दुसरी जागा जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाच्या परिसरात तो भरतो. ज्या शाहिराने आयुष्यभर लाल बावट्याची गाणी गायली, त्याच्या नावाच्या चौकात सोव्हिएत माल शोधावा, हा योग मला आवडतो. मात्र तिथे बुद्धिबळाचा संच मिळालाच तर बहुधा सुटा मिळतो. पट नाही, दोन प्यादी कमी, हत्ती भलत्याच संचातला. परदेशातून मागवायचा रस्ता 2022 पासून अवघड झाला. रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, मार्चमध्ये पेपालने रशियातली सेवा बंद केली, पैसे पाठवणं आणि टपाल दोन्ही बेभरवशाचं झालं. आता माल येतो तो जास्त करून बाल्टिक देशांतून, जॉर्जियातून, युक्रेनमधून. त्यावर टपालखर्च आणि कस्टम्सचं शुल्क चढतं. ते आधी विचारून घेतलेलं बरं, कारण कधी कधी ते संचाच्या किमतीला भिडतं.

म्हणूनच प्रतिकृतींचा विषय पुढे येतो, आणि इथे भारताचं स्थान मोठं आहे. जगभरच्या दुकानांत ‘1950 चा सोव्हिएत’ म्हणून जी देखणी प्रतिकृती दिसते, ती बहुतेक वेळा पंजाबात, मुख्यतः अमृतसरमध्ये बनलेली असते. अमृतसरला हस्तिदंताच्या कोरीवकामाची जुनी परंपरा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यावर बंधनं येत गेली, 1986 मध्ये भारतीय हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार बंद झाला, 1991 मध्ये आफ्रिकन हस्तिदंतही बंद. हत्तींच्या दृष्टीने ते व्हायलाच हवं होतं. कारागिरांचे हात लाकडाकडे वळले, आणि आज बॉक्सवुड, शिसम, पडौक, आबनूस यांत ते जे काम करतात त्याला जगात तोड नाही.

बुद्धिबळाचा संच म्हणजे सात हिस्से कातकाम आणि एक हिस्सा कोरीवकाम, असं वरवर पाहणाऱ्याला वाटतं. किंमत मात्र त्या कोरीवकामाची असते. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी लेथवर कातली जातात. उंटाची खाच आणि हत्तीची तटबंदी नंतर कापतात. घोड्याचं मात्र डोकं वेगळ्या तुकड्यातून निघतं. आधी करवतीने बाह्यरेषा, मग पटाशी, मग कानस, मग पॉलिश पेपर, आणि शेवटी कातलेल्या बुंध्यावर ते डोकं जोडायचं. घोडा कोरणारा माणूस वेगळा, त्याचा दर वेगळा. संचाच्या किमतीतला मोठा वाटा या चार घोड्यांचा असतो.

इथेच सोव्हिएत प्रतिकृतीची खरी कसोटी लागते. अमृतसरच्या कोरक्याचा हात आयाळीचा एकेक केस, नाकपुडीची घडी, दातांची ओळ काढण्यात मुरलेला. त्याला दहा-बारा घावांत थांबायला सांगणं अवघड आहे. म्हणून अनेक प्रतिकृतींत घोडा मुळापेक्षा जास्त ‘चांगला’ होतो आणि नेमका तिथेच चुकतो. गाल गोल होतात, मान तुकतुकीत होते. चांगल्या प्रतिकृतीत कारागिराने स्वतःला आवरलेलं दिसतं. मी प्रतिकृती हाती घेतली की आधी घोड्याचं तोंड पाहतो. बाकीचे फरक सहज कळतात. मूळ सोंगट्या हलक्या, अनेकदा पोकळ वाटाव्यात इतक्या. नव्यांच्या बुडात धातूचं वजन भरलेलं, खाली मखमल किंवा चामडं. मुळात बर्चवर रंग आणि लाखेसारखा वार्निश, नव्यात लाकडाचा स्वतःचा रंग. मुळात दोन प्यादी कधी तंतोतंत सारखी नसतात, नव्यात सगळी एका मापाची.

यातलं वजन मला खटकत नाही. आजचा खेळाडू झटपट डावात सोंगटी आपटतो, त्याला जड सोंगटी हवी असते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शिफारशीप्रमाणे राजा साधारण 9.5 सेंटिमीटरचा आणि चौकोन 5 ते 6 सेंटिमीटरचा असावा. बहुतेक प्रतिकृती हे माप धरून बनतात, त्यामुळे त्यांवर खेळता येतं. जुना संच रोजच्या खेळात वापरला तर एखाद-दोन वर्षांत त्याची टोकं उडतील. ज्याला खेळायचं आहे त्याने प्रतिकृती घ्यावी, बिनधास्त घ्यावी, आणि तिला प्रतिकृतीच म्हणावं. तिच्यात कमीपणा काहीच नाही. अमृतसरच्या माणसाने ती मन लावून केली आहे, आणि लेनिनग्राडच्या माणसाची घडण त्याच्यामुळे पुन्हा पटावर आली आहे.

मला खटकतं ते ‘अँटिक फिनिश’. बॉक्सवुडला चहासारखा डाग देऊन, कडा घासून नवा संच जुना भासवतात. घरात ठेवायला हौस म्हणून ठीक. पण तोच संच दोन-तीन हात बदलले की ‘मूळ, 1950’ म्हणून विकायला येतो. जुन्या सोंगटीची झीज जिथे बोटं पडतात तिथे असते, म्हणजे मानेला आणि बोंडाला. नाक, कान, टोकं आधी तुटतात. बुडाची कड पटावर सरकून सरकून गोल होते. सगळ्या बत्तीस सोंगट्या सारख्याच झिजलेल्या दिसल्या, खाचांच्या आतही तोच तपकिरी रंग भरलेला दिसला, तर हात आखडता घ्यावा. दुसरी पळवाट म्हणजे दोन-तीन तुटक्या संचांतून एक पूर्ण संच जुळवणं. प्याद्यांच्या गळपट्टीची उंची शेजारी शेजारी ठेवून पाहिली की हे लगेच उघडं पडतं. जुळवलेला संच वाईट नसतो, पण तसं सांगून विकला पाहिजे.

दुरुस्तीबद्दल संग्राहकांत दोन तट आहेत. एक म्हणतो जुना वार्निश उतरवून पुन्हा चढवावा, सोंगट्या नव्यासारख्या कराव्यात. दुसरा म्हणतो धूळ पुसण्यापलीकडे काही करू नये. मी दुसऱ्या बाजूचा आहे, एक अपवाद सोडून: कीड लागली असेल तर वाट पाहू नये. पुण्याची हवा लाकडाला दोन्हीकडून छळते. जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी, एप्रिल-मेमध्ये कोरडेपणा. आबनुसाच्या नव्या सोंगट्यांच्या बुडाला उन्हाळ्यात चीर गेलेली अनेकांनी पाहिली असेल. पेटी खिडकीजवळ किंवा लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवू नये, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि कोरड्या दिवशी उघडून वारा द्यावा. तेलाचं बोट मात्र लावू नये, जुन्या वार्निशवर ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

पहिला संच कुठला घ्यावा? ‘बॉट्विनिक–फ्लोर’च्या मागे लागू नये. तो दुर्मीळ, महाग, आणि त्यात फसवणूकही जास्त. साठ-सत्तरच्या दशकातला, शिक्का वाचता येणारा, पट आणि सोंगट्या एकत्र असलेला साधा घरगुती संच शोधावा. ज्यांना बाजारू मोल पाहायचं आहे त्यांना हे पटणार नाही. पण पुण्याला या बाबतीत स्वतःची एक दृष्टी आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घराघरांत वापरलेल्या वस्तू त्यांना जास्त बोलत्या वाटल्या, आणि त्यातून बाजीराव रस्त्यावरचं राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं. सोव्हिएत संच त्याच जातीची वस्तू आहे: लाखो हातांत गेलेली, कामाला आलेली, बनवणाऱ्याचं नाव नसलेली.

पुण्यात बुद्धिबळाची कमतरता नाही. अभिजित कुंटे 2000 मध्ये ग्रँडमास्टर झाला, सौम्या स्वामीनाथनने 2009 मध्ये मुलींचं जागतिक ज्युनिअर विजेतेपद आणलं, 2014 ची जागतिक ज्युनिअर स्पर्धा आणि 2025 मधली महिलांची ग्रां प्री इथेच झाली. या शहरातल्या घरांत, अकादम्यांत, मंडळांच्या कपाटांत किती सोव्हिएत संच पडून आहेत याची एकदा नोंद व्हायला हवी. मोठं संग्रहालय नको, प्रदर्शनही नंतर. पेटीच्या शिक्क्याचा फोटो, चारही घोड्यांचा फोटो, कुणी कधी आणला, कुणी खेळलं, कुठली सोंगटी कुणी बदलली. आणणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. हे आत्ता विचारलं नाही तर पुढे त्या संचांवर विक्रेता सांगेल तेच नाव बसेल.

प्रतिकृतीलाही हाच न्याय लावावा. लेनिनग्राडच्या आर्टेलमधल्या कारागिराचं नाव आता कळणार नाही, मोर्दोव्हियातल्या कैद्याचं तर नाहीच. पण अमृतसरचा कोरक्या आज काम करतो आहे, आणि त्याचंही नाव पेटीवर नसतं. तिथे असतं दुकानाचं आणि ग्रँडमास्टरचं. संच मागवताना घोडे कुणी कोरले हे विक्रेत्याला लेखी विचारावं. नाव कळलं तर ते वर्ष आणि लाकडाच्या जातीसह पटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावं. पेन्सिलीने लिहावं, शाई लाकडात पसरते.